चारच्या वरचा आकडा

त्या मुलीनं माझ्यासमोर एक पुठ्ठा धरला. त्यावर गोल चेहऱ्यांची रांग होती. डावीकडचा खुशीत हसणारा, मग एकेकाचं तोंड उतरत गेलेलं, आणि उजवीकडचा शेवटचा धाय मोकलून रडणारा.

"अंकल, अभी आप इसमें से कौन से हैं?"

मी चष्मा लावून नीट पाहिलं. "यात चिडलेला कुठे आहे?"

ती हसली. चिडलेला नव्हताच. हसरे आणि रडके एवढेच. म्हणजे माझ्यासारख्यांची त्या पुठ्ठ्यावर सोयच नव्हती. प्रोसीजरच्या आधीच्या तपासण्यांसाठी मला सकाळपासून उपाशी ठेवलं होतं, पाठीमागे नाड्या बांधायचा तो झगा दिला होता, आणि वर विचारत होते, हसता की रडता. आजवर माझ्या नाकावरचा राग कधी लपला नाही, आणि तिथे लपवायचं मला काही कारणही दिसलं नाही.

ती रिसर्च नर्स होती. रायपूरच्या त्या हॉस्पिटलात हृदयाची झडप बदलतात. छाती न फाडता, जांघेतल्या नसेतून नळी घालून. रोगी जागाच असतो. जागेपणी त्याला काय काय वाटतं, कुठे दुखतं, कुठे घाबरायला होतं, हे मोजायचं काम तिच्याकडे होतं. आडनावावरून आपल्याकडचीच निघाली. आजोबा वर्ध्याकडून रेल्वेत आलेले. माझं मराठी तिला अक्षर न् अक्षर कळायचं, पण उत्तर हिंदीतच यायचं. आमच्या रायपुरात ही पोरं अशीच आहेत. मी त्याबद्दलही थोडी कुरकुर करून घेतली.

"आणि हे विचारणार कधी?" मी म्हणालो.

"अभी एक बार, और फिर प्रोसीजर के दूसरे दिन, छुट्टी से पहले."

इथे माझं डोकं खरंच तापलं. कारण हा माझा प्रांत होता. रायपूरजवळच्या सिलतऱ्यात, स्पंज आयर्नच्या म्हणजे लोखंड बनवायच्या एका कारखान्यात मी आयुष्यभर प्रयोगशाळा सांभाळली. कोळशाची गाडी आली की तिचा नमुना घ्यायचा, राख किती, ओल किती ते काढायचं. आता कोळसेवाले काय करतात, तर वरवर चांगला काळाभोर माल पसरतात आणि खाली दगडमाती भरतात. वरचा ओंजळभर उचलून जो नमुना घेईल, त्याची गाडी पहिल्या नंबरात पास. त्यासाठी मी किती जणांशी भांडलो याला गणती नाही. खोलातला घ्या, गाडी रिकामी होत असताना मधूनमधून घ्या, हे ओरडून ओरडून माझा घसा बसायचा.

मी तिला तेच सांगितलं. म्हटलं, बाई, दुसऱ्या दिवशी माणूस जिवंत असतो, चहा प्यालेला असतो, घरी जायची चप्पल शोधत असतो. त्याला विचारशील कसं वाटलं, तर तो तुझ्या डॉक्टरांना देव म्हणेल आणि पैकीच्या पैकी देऊन मोकळा होईल. हा गाडीच्या वरचा माल झाला. विचारायचं तर टेबलावर विचार, चालू असताना.

तिला ते पटलं असावं. तिनं डॉक्टरांना विचारलं आणि डॉक्टरही म्हणाले, विचार, बोलता रोगी आम्हालाही बरा. मला बरं वाटलं. पण एवढा आटापिटा मी विज्ञानाच्या प्रेमानं करत होतो असं कोणी समजू नये. मला तो आकडा माझ्या ताईसाठी हवा होता.

ताई माझ्याहून मोठी. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली, लग्न केलं नाही, शंकर नगरात आमच्याच घरात खालच्या मजल्यावर राहते. आम्हा दोघांच्या झडपेत जन्मापासून एकच खोट. तीन पाकळ्या असायच्या तिथे दोनच. माझं निदान झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, भावंडांनाही तपासून घ्या. तपासलं तर ताईची झडप माझ्याहून अरुंद निघाली. जिना चढताना ती मधल्या वळणावर थांबायची आणि कुंडीतल्या झेंडूला पाणी मिळालं का ते पाहतेय असं दाखवायची. झेंडूला इतकं निरखून घरात कोणी पाहत नव्हतं. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं की फार थांबू नका, हिला थांबण्यात धोका आहे.

आणि ताई हलायला तयार नव्हती.

"आपण जागं राहाचं आन कोणी आपल्या काळजात नळी घालाची?" ती म्हणायची. "मले नाही जमत बाप्पा. झोपवून करत असन तं सांग."

झोपवून करणं तिच्या फुप्फुसांना झेपणारं नव्हतं. ते तिला ठाऊक होतं, म्हणूनच ती ती अट घालत होती. गणिताच्या बाईला कैचीत पकडणं सोपं नसतं.

शेवटी एकदा जेवताना म्हणाली, "तू करून घे आधी. मंग सांग कसं वाटते ते. पण खरं सांग."

"सांगतो की."

"तू नाही सांगत. तुह्या 'थोडंसं'चा मले भरोसा नाही. पाय मोडला होता तवाही तू थोडंसंच म्हनत होता."

माझी बायको ताटातून मान वर न करता म्हणाली, "अजूनही तेच म्हणतात." दोघी एका बाजूला झाल्या की माझं काही चालत नाही.

तर मला टेबलावरचे आकडे हवे होते ते यासाठी. मी सांगितलेलं ताई मानणार नव्हती. त्या मुलीनं माझ्या तोंडून तिथल्या तिथे टिपलेलं कदाचित मानेल. मी मुलीला शंकर नगरात घरीच बोलावलं, ताईसमोर. तिनं तो चेहऱ्यांचा पुठ्ठा काढला. ताईनं तो उलटा करून ठेवला.

"चेहरे नोको. शून्य ते दहा ठेव. पण तीन म्हंजे केवढं? कोनाचं तीन? माप ठरवल्याबिगर आकडा कायचा?"

मग जेवणाच्या टेबलावर माप ठरलं. आम्ही दोघं एकाच रेल्वे क्वार्टरात वाढलो, त्यामुळे दुखण्यांचा साठा बराचसा सामायिक होता. सोनारानं कान टोचले, ते तीन. दोघांचेही टोचले होते, एकाच सोनारानं. आंबे खाऊन खाऊन मांडीवर गळू झालं आणि रेल्वे दवाखान्याच्या कंपाउंडरनं ते भूल न देता फोडलं, ते सात. त्या उन्हाळ्यात आधी तिचं फोडलं, मग माझं. आणि नऊ म्हणजे फटीत सापडलेलं बोट. माझं बोट क्वार्टरच्या दारात सापडलं होतं, तिचं पॅसेंजर गाडीच्या खिडकीत. माझ्या वेळी दार कोणी ओढलं होतं हे मी मुलीला सांगणार होतो, पण ताईनं डोळे वटारले.

"और दस?" मुलीनं विचारलं.

"दहा रिकामं राहू दे," ताई म्हणाली. "ज्याले मालूम, तो सांगाले वापस येत नाही."

मुलीनं मान डोलावली. "ये तो आप लोगों का घर का स्केल हो गया." पण तिनं ते आपल्या शून्य-ते-दहाच्या रकान्यांशेजारी नीट लिहून घेतलं. आणि ठरलं असं, की ती आत मला विचारेल आणि मधूनमधून बाहेर येऊन ताईला सांगेल.

आता मी माणूस कसा आहे ते ताईला माहीत होतं, पण पूर्ण नव्हतं. प्रोसीजरच्या सकाळी, ट्रॉलीवर आडवा असताना, मी त्या मुलीला जवळ बोलावलं आणि हळूच सांगितलं, "चारच्या वरचा आकडा निघाला तर तो बाहेर नेऊ नको. तिला घाबरवून काय मिळणार आहे?"

"देखते हैं अंकल," ती म्हणाली.

मी अनेक वर्षं साहेबी केली आहे. हाताखालचा माणूस 'देखते हैं' म्हणाला की काम झालं असं समजायची मला सवय आहे. कोळशाच्या गाडीसाठी जन्मभर भांडलेला मी, स्वतःच्या गाडीवर वरचा माल पसरून घेत होतो, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. ताई वाचली पाहिजे, बास.

आत भयंकर थंडी होती. सगळ्यांची तोंडं झाकलेली, फक्त डोळे. मला गुंगीचं काहीतरी हलकंसं दिलं होतं, पण मी शुद्धीत होतो. मुलगी माझ्या डोक्याशी स्टूलावर बसली होती. जांघेत भुलीची सुई टोचली.

"अंकल, कितना?"

"कान टोचले. तीन."

ती जाऊन सांगून आली. मग नळी आत सरकली. तो स्पर्श विचित्र होता, दुखणं नव्हतं. आतून कोणीतरी आपलं माप घेतंय असं काहीतरी. मी म्हणालो, दोन. तेही बाहेर गेलं. मी खूश होतो. मनातल्या मनात ताईला म्हणत होतो, बघ, एवढंच तर आहे. डॉक्टर एका माणसाशी घरी आणायच्या पडद्यांबद्दल बोलत होते. मला वाटलं, ज्या खोलीत पडद्यांच्या गप्पा होतात तिथे कोणी मरत नाही.

मग डॉक्टर म्हणाले, "बाबूजी, अब थोड़ी देर दिल को तेज़ दौड़ाएँगे. घबराना नहीं."

हे आधी समजावलेलं होतं. नवी झडप बसवताना हृदय मुद्दाम इतकं भरधाव पळवतात की रक्ताचा जोर क्षणभर पडतो आणि झडप जागची हलत नाही. कागदावर ते साधं वाटलं होतं. प्रत्यक्षात काय झालं ते सांगतो. अंधारात जिना उतरताना आपल्याला वाटतं पायऱ्या संपल्या, आपण बिनधास्त पाय टाकतो, आणि खाली आणखी एक पायरी असते. तो जो एक झटका असतो, तोच, पण संपेचना. पायाखाली काहीच येईना. दिवे दूर गेले. कुठेही काही दुखत नव्हतं, आणि मी आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो.

"अंकल! कितना?"

"नऊ," मी म्हणालो म्हणे.

"दर्द का नऊ?"

"नाही. दुखत नाही. कशाचे ते माहीत नाही. नऊ."

आणि त्यानंतर मी आणखी काहीतरी बोललो, ते मला आठवत नाही. मग पायाखाली जमीन आली, दिवे जवळ आले, आणि डॉक्टर म्हणाले, झालं. खरंच झालं होतं. छातीवरचं जुनं ओझं उतरल्यासारखं वाटलं. मी पुन्हा पडद्यांच्या गप्पा ऐकू लागलो.

आयसीयूत ताई आली ती ओठ आवळून. पायापाशी उभी राहिली. मी ऐटीत म्हणालो, "काही नाही गं ताई. मुंगी चावल्यासारखं."

"नऊ कायचे होते?"

मी मुलीकडे पाहिलं. ती सलाइनच्या बाटलीकडे पाहत होती, जणू आयुष्यात प्रथमच सलाइन दिसलं. माझ्या छातीवरच्या मशीनचा आवाज लगेच वाढला, इतका राग आला. "तुला काय सांगितलं होतं मी? चारच्या वरचं न्यायचं नाही असं—"

"म्हंजे तू तिले पढवून ठेवलं होतं?" ताई म्हणाली.

झालं. मी स्वतःच्याच तोंडानं सगळं घालवलं. मी डोळे मिटून पडलो. मला वाटलं, आता ही कधीच टेबलावर चढणार नाही, आणि याला जबाबदार मीच. खरं सांगतो, त्या क्षणी ते नऊ पुन्हा आले असते तरी चाललं असतं.

ताईनं मुलीला विचारलं, "पूरा बताओ. क्या-क्या बोले?"

"तीन, फिर दो, फिर एक बार नौ. बोले दर्द का नहीं है, किसका है मालूम नहीं. फिर..." ती थांबली. "फिर आपको बुला रहे थे. ताई, ताई, ऐसे."

सत्तरीचा माणूस, नातवंडांचा आजोबा, अनोळखी लोकांसमोर मोठ्या बहिणीला हाका मारत होता. मला लाज वाटायला हवी होती, पण वाटली नाही. डोळ्यांतून पाणी आलं, ते पुसायला हात मोकळा नव्हता. ताईनं पदरानं पुसलं. पुसताना जरा जोरातच पुसलं, तिची पद्धत आहे ती.

"सांग आता," ती म्हणाली. "कसं वाटलं?"

मी सांगितलं. जिन्याचं, न लागणाऱ्या पायरीचं, दिवे दूर गेल्याचं. थोडंसं हा शब्द एकदाही वापरला नाही. आणि हेही सांगितलं, की ते संपतं. एकदाच होतं आणि संपतं, आणि नंतर श्वास असा येतो की पुन्हा चाळिशीत गेल्यासारखं वाटतं.

ताई म्हणाली, "नऊ सांगतले म्हनून तीनही खरे वाटते. नुसते दोन-तीन घेऊन आली असती ना ही पोट्टी, तं मी उठून घरी गेली असती."

मी प्रयोगशाळेचा माणूस. ज्या मीटरचा काटा कधी हलतच नाही, तो बंद आहे असं समजून मी स्वतः किती मीटर फेकले आहेत. पण हे मला बहिणीनं सांगावं लागलं, आणि तेही मी आडवा पडलेला असताना.

"पण त्या टायमाले मी कोनाले बोलवू?" तिनं विचारलं. आवाज इतका लहान होता की मला माझी ताई वाटेना. तिची आई नाही, नवरा नाही, मोठं भावंड नाही. नळीची नव्हे, तिला भीती याची होती, आणि आम्ही सगळे तिला सुई किती बारीक असते ते सांगत बसलो होतो.

"मी दाराबाहेर बसतो," मी म्हणालो. "झालं म्हणेपर्यंत उठत नाही."

"तुह्याच्यानं बसनं होईन का इतका वेळ?"

"होईन."

"मंग घे तारीख," ताई म्हणाली, आणि मुलीला विचारलं की इथे चहा कुठे मिळतो.

त्यानंतर ती अशी कामाला लागली की जणू माहेरपणाला निघाली आहे. गोल बाजारात जाऊन दोन नवे टॉवेल आणले, कारण दवाखान्याचा ती अंगाला लावणार नव्हती. पितळेचा तांब्या पाहिला, महाग म्हणून ठेवला, पुन्हा जाऊन घेतला. बायकोला बजावलं की घरी आल्यावर पहिल्या दिवशी तांदळाच्या पिठाचा चीला आणि टमाट्याची चटणी. झेंडूच्या कुंड्यांची जबाबदारी माझ्यावर आली. मी जिना धडाधड चढत होतो आणि ती खालून ओरडत होती, "दाखवू नोको, मालूम आहे!" ते आठवडे फार चांगले गेले. घरात भांडणं सुद्धा गोड झाली होती.

तिच्या दिवशी मी कॅथलॅबच्या, म्हणजे नळी घालतात त्या खोलीच्या, दाराबाहेरच्या खुर्चीत बसलो. शेजारच्या माणसानं चहाला बोलावलं, नाही म्हटलं. बायकोनं बिस्किटं दिली, ती हातातच राहिली. टेबलावर आडवं असताना निदान कोणी विचारतं, किती. बाहेर बसणाऱ्याला कोणी विचारत नाही. विचारलं असतं, तर मी जे सांगितलं असतं ते ताईच्या मापात बसलं नसतं.

मुलगी बाहेर आली. "तीन." गेली. पुन्हा आली. "एक. मैडम बोल रही हैं, डॉक्टर साहब का पहाड़ा कच्चा है." म्हणजे आत ताई डॉक्टरांना पाढे विचारत होती.

मग ती येईना. मला माहीत होतं आता काय चाललं असेल. मी दाराकडे पाहत बसलो. उठलो नाही. पाय उठायला पाहत होते, त्यांना धरून बसलो.

दार उघडलं तेव्हा ती हसत होती, आणि डोळे ओले होते.

"हो गया अंकल. एकदम ठीक हैं."

"किती म्हणाली? त्या वेळी?"

"पहले पूछा, भाई ने कितना बोला था. मैंने कहा, नौ. तो बोलीं, आठ लिखो."

असा नमुना मी प्रयोगशाळेत जागच्या जागी बाद केला असता. आधीचा आकडा विचारून सांगितलेला आकडा, त्याला काय अर्थ? मला माहीत होतं तिथे काय असतं. आठ नसतं.

"हाक मारली का मला?" मी विचारलं.

"नहीं," मुलगी म्हणाली. "मैंने पूछा था, भैया को बुलाऊँ? बोलीं, बुलाना क्या है, बाहर बैठा तो है."

"आठच लिही," मी तिला म्हणालो, आणि मगच खुर्चीतून उठलो.